पाय (π) घरी मोजायचा: बांगडी, सुतळी आणि २२/७ ची भानगड

कंपासपेटी

"गोल वस्तू घ्या, परीघ मोजा, व्यासाने भागा" हा पाय काढायचा प्रयोग शाळेत सगळीकडे होतो. उत्तरं ३.०५ पासून ३.४ पर्यंत कुठलीही येतात, मग फळ्यावर ३.१४ लिहून विषय मिटवला जातो. तो मिटवू नये असं माझं म्हणणं आहे. उत्तर कुठल्या बाजूला आणि किती ढळलं, यावरून चूक कुणाची ते नेमकं ओळखता येतं. तेवढ्यासाठी हा धागा.

साहित्य: ६ ते ३० सेंमी व्यासाच्या चार-पाच गोल वस्तू (पेल्याचं बूड, डब्याचं झाकण, ताटली, ताट), सुतळी, पट्टी, दोन गुण्या, आलेख कागद.

व्यास मोजताना पट्टी नुसती आडवी ठेवू नका. मध्य कुठे आहे ते माहीत नसतं, त्यामुळे पट्टी जराशी बाजूला सरकते, व्यासाऐवजी जीवा मोजली जाते आणि ती नेहमी लहानच भरते. भाजक लहान म्हणजे पाय मोठा. टेबलावर पट्टी ठेवा, तिला लावून वस्तू ठेवा, दोन्ही बाजूंनी एकेक गुण्या काटकोनाची कड वस्तूला टेकेपर्यंत सरकवा. दोन गुण्यांमधलं अंतर हा व्यास.

आता सुतळी. २ मिमी जाडीची सुतळी वस्तूभोवती गुंडाळली की मोजली जाणारी लांबी वस्तूच्या पृष्ठभागाची नसते, सुतळीच्या मध्यरेषेची असते. म्हणजे व्यास २ मिमीने वाढल्यासारखा. बाकी काहीही न चुकता असं येईल:

व्यास ६ सेंमी, सुतळी १९.४८, भागाकार ३.२५
व्यास १२ सेंमी, सुतळी ३८.३३, भागाकार ३.१९
व्यास २० सेंमी, सुतळी ६३.४६, भागाकार ३.१७
व्यास ३० सेंमी, सुतळी ९४.८८, भागाकार ३.१६

चारही उत्तरं जास्त, आणि वस्तू लहान तितकी चूक मोठी. इथे बहुतेक जण चारांची सरासरी काढतात. ती ३.१९ येते आणि चूक तशीच राहते, कारण सगळ्या चुका एकाच दिशेला आहेत. सरासरीऐवजी आलेख काढा: आडव्या अक्षावर व्यास, उभ्यावर सुतळीची लांबी. बिंदू सरळ रेषेत येतात, पण रेषा आरंभबिंदूतून जात नाही, साधारण ६ मिमी वरून जाते. तिचा चढ काढा: (९४.८८ − १९.४८) ÷ (३० − ६) = ७५.४० ÷ २४ = ३.१४. सुतळी सगळीकडे सारखीच लबाडी करते, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते. शिवाय ते वरचे ६.३ मिमी ३.१४ ने भागले की सुतळीची जाडी २ मिमी आयती हातात येते.

---

टीप_उसवली

सुतळीच कशाला? कागदाची पट्टी घ्या. वहीच्या कागदाची १ सेंमी रुंद पट्टी वस्तूभोवती घट्ट गुंडाळा, जिथे एकावर एक येते तिथे दोन्ही थरांतून टाचणी टोचा, उलगडा आणि दोन भोकांमधलं अंतर मोजा. जाडीची चूक जवळजवळ जाते आणि गाठ कुठे मारली याचा गोंधळही राहत नाही. पट्टी तिरकी गुंडाळली तर लांबी जास्त भरते, तेवढं सांभाळा. शिवणाचा जुना टेप वापरू नये, तो ओढून ओढून ताणलेला असतो. वापरायचाच तर पत्र्याचं टोक सोडून १० च्या खुणेपासून मोजा.

बांगडीबद्दल एक सांगायला हवं, कारण प्रयोगाला सगळ्यांत आधी बांगडीच हाती लागते. बांगडीचं माप हा आतला व्यास असतो आणि तो इंचाच्या सोळाव्या भागांत सांगतात. २-४ म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश इंच नव्हे, दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. २-६ म्हणजे २.३७५ आणि २-८ म्हणजे अडीच. दुकानाचं माप घेऊन पट्टी मात्र बाहेरून गुंडाळली की घोटाळा झालाच: २-४ ची बांगडी ५७.१५ मिमी, काचेची जाडी दोन्हीकडे २ मिमी धरली तर बाहेरचा व्यास ६१.१५, परीघ १९२ मिमी. १९२ भागिले ५७.१५ म्हणजे ३.३६. ज्या गटाचं उत्तर ३.३ च्या वर आलं, त्यांना आधी हेच विचारावं.

---

निवांत_वाचक

मस्त धागा. माझा प्रश्न जुनाच आहे: २२/७ घ्यायचं की ३.१४? दोन्हींत जास्त बरोबर कोण?

---

अंशछेद

२२/७. लोकांना वाटतं दशांशातलं ते अचूक आणि अपूर्णांकातलं ते ढोबळ. प्रत्यक्षात २२/७ = ३.१४२८५७… हे पायपेक्षा ०.००१२६ ने जास्त आहे आणि ३.१४ हे ०.००१५९ ने कमी. पुस्तकात त्रिज्या ७, १४, २१ किंवा ३.५ असली की २२/७ घ्यायचं (छेद उडतो म्हणून), १० किंवा २० असली की ३.१४. त्यात गणितापेक्षा सोय जास्त.

पृथ्वीचा सरासरी व्यास १२,७४२ किमी धरून कुठली किंमत परिघात किती चुकते ते पाहा:

१० चं वर्गमूळ (ब्रह्मगुप्ताने सूक्ष्म म्हणून दिलेलं): सुमारे २६४ किमी
३.१४: सुमारे २० किमी
२२/७: सुमारे १६ किमी
३.१४१६: सुमारे ९४ मीटर
३५५/११३: सुमारे ३.४ मीटर

शेवटचा अपूर्णांक चीनमध्ये पाचव्या शतकात त्सू छुंग-चिर याने दिला. छेद तीनच अंकी, आणि सहा दशांश स्थळं बरोबर. एवढं स्वस्तात कसं मिळतं ते साध्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. ३.१४१५९२६५ मधून ३ वजा करा, उरले ०.१४१५९२६५. त्याने १ ला भागा: ७.०६२५१३. इथेच थांबून ७ धरला की ३ + १/७ = २२/७. पुढे जायचं तर ७ वजा करा, उरले ०.०६२५१३, त्याने पुन्हा १ ला भागा: १५.९९६६. हा जवळजवळ १६ च आहे! म्हणून ३ + १/(७ + १/१६) = ३ + १६/११३ = ३५५/११३. उरलेला भाग जितका पूर्णांकाच्या जवळ, तितका अपूर्णांक भारी. लक्षात ठेवायला पहिल्या तीन विषम संख्या दोन-दोनदा लिहा, ११३३५५, आणि मधोमध तोडा. आधीचा तुकडा छेद, नंतरचा अंश.

---

ओळंबा

साइटवरचं सांगतो. विहीर २० फूट व्यासाची, ४० फूट खोल. खोदाई १० × १० × ४० × पाय = १२,५६६ घनफूट, म्हणजे १२५.६६ ब्रास. २२/७ ने केलं तर १२५.७१. फरक ५ घनफूट. आता टेप मधून न धरता व्यास अर्धा फूट कमी लागला, १९.५, तर आकडा ११९.४६ ब्रासवर येतो. सहा ब्रासच्या वर फरक! त्रिज्येचा वर्ग होतो ना. पायची चौथी दशांश स्थळं काढत बसण्यापेक्षा विहिरीचा व्यास दोन दिशांनी मोजा, खोदलेली विहीर कधीच नीट गोल नसते.

लाकडाच्या वखारीत तर पाय हिशेबात दिसतच नाही, पण असतो. ओंडक्याचा घेर दोरीने मोजतात, त्याचा चौथा हिस्सा घेतात, त्याचा वर्ग गुणिले लांबी. घेर ४८ इंच, लांबी १० फूट: चौथाई १२ इंच म्हणजे १ फूट, माल १० घनफूट. भूमितीने पाहिलं तर त्याच ओंडक्यात १२.७३ घनफूट लाकूड आहे. १० ला १२.७३ ने भागा, ०.७८५ येतं, म्हणजे पायचा चौथा भाग. घेर कितीही असो, गुणोत्तर हेच. साल आणि करवतीत जाणारं लाकूड हिशेबातून आधीच वगळणारी ही रीत आहे.

---

निवांत_वाचक

वखारीत पाय लपून बसलाय हे डोक्यात नव्हतं. धन्यवाद, ओळंबाभाऊ.

---

पोथी_आणि_पाटी

ओळंबा यांनी जे सांगितलं ते भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत एका श्लोकात बसवलंय. व्यासाला "भनन्दाग्नि"ने गुणा आणि "खबाणसूर्य"ने भागा, तो सूक्ष्म परीघ. किंवा २२ ने गुणून ७ ने भागा, तो स्थूल पण "व्यवहारयोग्य". शब्द असे सोडवायचे: भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३; उजवीकडून डावीकडे मांडले की ३९२७. ख म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२, म्हणून १२५०. ३९२७ ÷ १२५० = ३.१४१६. विहिरीला स्थूल, ग्रहगणिताला सूक्ष्म, अशी सरळ वाटणी.

हा अपूर्णांक त्यांच्या आधीचा आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिलेली रीत: १०० मध्ये ४ मिळवा, ८ ने गुणा, ६२,००० मिळवा, २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा हा "आसन्न" परीघ. ६२,८३२ आणि २०,००० दोघांना १६ ने भागा, ३९२७ आणि १२५० च मिळतात. "आसन्न" म्हणजे जवळचा. त्या एका शब्दावरून आर्यभटाला पाय अपरिमेय असल्याचं माहीत होतं असं ठोकून देणारे लेख फिरतात. तेवढा अर्थ त्या शब्दावर लादू नये. जवळची किंमत आहे असं तो प्रामाणिकपणे सांगतो, हेही थोडं नाही.

अवांतर: चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. नातू चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी तेवढं बघून यावं.

---

फॉरवर्ड_बहाद्दर

"गोपीभाग्यमधुव्रात…" या हजारो वर्षं जुन्या कृष्णस्तुतीत पायचे ३२ अंक लपले आहेत हे कुणी लिहिलंच नाही अजून!

---

पोथी_आणि_पाटी

@फॉरवर्ड_बहाद्दर, अंक आहेत, हजारो वर्षं मात्र नाहीत. कटपयादीने सोडवू: क, ट, प, य या चारही अक्षरांपासून १ धरून मोजायचं, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन घ्यायचं. गो ३, पी १, भा ४, ग्य (य) १, म ५, धु ९, व्रा (र) २, त ६. चोख जुळतं. पण दोन गोष्टी पाहा. परंपरेत अशा संख्या उजवीकडून डावीकडे वाचतात, वर भनन्दाग्नि वाचला तशा. हा श्लोक डावीकडून उजवीकडे चालतो, म्हणजे छापील ३.१४१५ ची सवय झालेल्या माणसाची रचना. आणि तो माहीत झाला १९६५ साली छापलेल्या वैदिक गणिताच्या पुस्तकातून. रचना म्हणून सुंदर आहे, पुरावा म्हणून नाही.

खरी जुनी गोष्ट हवी तर केरळातला माधव घ्या, चौदावं-पंधरावं शतक. त्याच्या नावावरच्या श्लोकात ९ × १०^११ व्यासाला २८,२७,४३,३३,८८,२३३ परीघ दिलाय. भागून पाहा: ३.१४१५९२६५३५९२. दहा दशांश स्थळं बरोबर, आणि उरलेलं अकराव्यात पूर्णांकन करून बसतं.

---

पदोपदी

माधवाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मालिका सगळ्यांना माहीत असते: १ − १/३ + १/५ − १/७ + १/९ … ला ४ ने गुणलं की पाय. फळ्यावर करून बघणारा वैतागतो, कारण ती भयंकर सावकाश जाते. पाच पदांनंतर:

१ − ०.३३३३३३ + ०.२ − ०.१४२८५७ + ०.११११११ = ०.८३४९२१
चौपट केली: ३.३३९६८३

स-पदांनंतर चूक साधारण १/स असते, म्हणजे दहापट पदं घ्यावीत तेव्हा एक अंक हाती लागतो. केरळच्या गणितींनी त्यावर जे केलं ते मला मालिकेपेक्षाही जास्त आवडतं. "इथे थांबलास तर उरलेल्या अनंत पदांच्या बदल्यात एवढं दे-घे कर" असा संस्कार त्यांनी दिला. असे तीन आहेत, एकाहून एक बारीक. मधला घेऊ, चौपट करून: ४स/(४स² + १). स = ५ ला २०/१०१ = ०.१९८०२०. शेवटचं पद अधिक होतं म्हणून हा वजा:

३.३३९६८३ − ०.१९८०२० = ३.१४१६६३

तिसरा संस्कार चौपट करून ४(स² + १)/(स(४स² + ५)) असा होतो. स = ५ ला १०४/५२५ = ०.१९८०९५:

३.३३९६८३ − ०.१९८०९५ = ३.१४१५८८

पाच पदं आणि एक वजाबाकी. मधल्या संस्काराने मिळालेली अचूकता नुसत्या मालिकेतून काढायची तर सुमारे चौदा हजार पदं लागतात. इथे चूक एकाच ठिकाणी होते: शेवटचं पद वजा असेल तर संस्कार मिळवायचा, अधिक असेल तर वजा करायचा. उलटं केलं तर उत्तर ३.५ च्या वर जातं, लगेच कळतं.

---

हीर_आणि_खराटा

वर्तुळ नसतानाही पाय येतो याचा हातांनी करायचा प्रयोग म्हणजे ब्युफोंची सुई (अठराव्या शतकातली). समांतर रेषा आखा, काड्या टाका, किती काड्या रेषेला छेदतात ते मोजा. रेषांमधलं अंतर काडीच्या लांबीइतकंच ठेवलं तर पाय ≈ २ × टाकलेल्या काड्या ÷ छेदलेल्या काड्या.

अनेक ठिकाणी अंतर काडीच्या दुप्पट घ्यायला सांगतात, कारण मग सूत्रातला २ जातो आणि पाय ≈ टाकलेल्या ÷ छेदलेल्या असं सुटसुटीत होतं. तसं करू नका. १००० काड्यांना तिथे नेहमीची चूक ±०.१४ असते, अंतर काडीइतकं ठेवलं तर ±०.०७. एका २ साठी मेहनत चौपट होते.

आगपेटीच्या काड्या नकोत. त्या दीड-दोन मिमी जाड असतात आणि गुलाचं टोक जड. खराट्याचे हीर ४ सेंमीचे कापा. रेषा टोकदार पेन्सिलीने आखा, मार्करने नाही. मार्करची रेषा १ मिमी जाड असेल तर तिला नुसत्या टेकलेल्या काड्याही मोजल्या जातात आणि पाय ३.०३ च्या आसपास घसरतो. कागदाबाहेर पडलेली काडी पुन्हा टाका. "ही टेकली की नाही" हा वाद प्रयोगाआधी मिटवा, आकडे दिसायला लागल्यावर नाही, कारण तेव्हा सगळ्यांना ३.१४ हवा असतो.

या शेवटच्या मुद्द्याचं नामांकित उदाहरण: १९०१ मध्ये लाझारिनी या इटालियन गणितज्ञाने ३४०८ वेळा सुई टाकून १८०८ छेद मिळाल्याचं जाहीर केलं. सुई २.५ सेंमी, अंतर ३ सेंमी, म्हणजे पाय = (५/३) × ३४०८ ÷ १८०८ = ५६८० ÷ १८०८ = ३.१४१५९२९. आता ५६८० म्हणजे १६ × ३५५ आणि १८०८ म्हणजे १६ × ११३. वर अंशछेद यांनी दिलेला अपूर्णांकच! एक छेद जास्त झाला असता तर उत्तर ३.१३९९ आलं असतं. एका सुईने तिसरं दशांश स्थळ हलतं तिथे सहा स्थळं बरोबर येतात, ती नेमकं कुठे थांबायचं ते ठरवूनच.

---

अंशछेद

वा, ३५५/११३ रंगेहाथ पकडला.

काड्या न टाकता त्याहून बरं उत्तर हवं असेल तर रस्त्यावर उभे राहा. कुठल्याही दोन संख्या घेतल्या तर त्या मूळसंख्येने एकत्र न भागल्या जाणाऱ्या, म्हणजे सहमूळ असण्याची शक्यता ६ ÷ पायचा वर्ग = ०.६०८. गाड्यांचे चार अंकी नंबर जोडीजोडीने लिहून घ्या, मसावि १ आला की बरोबरची खूण. १०० जोड्यांत ६१ च्या आसपास खुणा येतात. पाय = √(६ ÷ ०.६१) = ३.१३६. ६० आल्या तर ३.१६२, ६२ आल्या तर ३.१११. वर्गमूळामुळे चूक अर्धी होते, १०० जोड्यांना साधारण ±०.१३, तेवढ्याच काड्यांना ±०.२४.

पथ्य एकच: महागड्या गाड्या मोजू नका. ९०००, ७७७७, ५५५५ असले हौसेचे नंबर यादृच्छिक नसतात.

---

षट्कोन

संगणकावर करणाऱ्यांसाठी एक खड्डा दाखवतो. आर्किमिडीजने षट्कोनापासून सुरू करून बाजू दुप्पट करत ९६ पर्यंत नेल्या, आतून आणि बाहेरून, आणि पाय ३ १०/७१ व ३ १/७ यांच्यामध्ये अडकवला. त्याच कृतीचं आजचं सूत्र: त्रिज्या १ असेल तर नवी बाजू = √(२ − √(४ − जुनी बाजू²)). षट्कोनाची बाजू १. अर्धी परिमिती अशी येते: ६ ला ३, १२ ला ३.१०५८२९, २४ ला ३.१३२६२९, ४८ ला ३.१३९३५०, ९६ ला ३.१४१०३२.

स्प्रेडशीटमध्ये हे खाली ओढत गेलात तर बारा-तेरा दुपटींपर्यंत आठ अंक जमतात, मग उत्तर सुधारायचं सोडून बिघडायला लागतं आणि पुढे कधीतरी चक्क शून्य होतं. सूत्र बरोबर, यंत्रही बरोबर. बाजू बारीक झाली की आतलं वर्गमूळ २ च्या इतकं जवळ जातं की पंधरा-सोळा अंकांत दोघांतला फरक मावत नाही. वजाबाकीत चांगले अंक जातात, कचरा उरतो. उपाय: तेच सूत्र पलटून लिहा, नवी बाजू = जुनी बाजू ÷ √(२ + √(४ − जुनी बाजू²)). वजाबाकी दोन जवळच्या संख्यांची राहत नाही, आणि अंक शेवटपर्यंत टिकतात.

हातानेही असं घडलंय. विल्यम शँक्सने १८७३ पर्यंत ७०७ स्थळं काढली. ५२८ व्या स्थळी चूक होती, त्यापुढचं सगळं वाया. ती सापडली १९४० च्या दशकात.

---

निवांत_वाचक

एक बाळबोध शंका. पाय म्हणजे परीघ भागिले व्यास. मग तो अपूर्णांकच झाला की. अपरिमेय कसा?

---

पदोपदी

बाळबोध नाही, दरवर्षी वर्गात विचारलं जातं. परिमेय व्हायला अंश आणि छेद दोन्ही पूर्णांक लागतात. व्यास नेमका पूर्णांक घेतला तर परीघ तसा येणारच नाही, आणि उलटही. कितीही बारीक एकक घ्या, दोघं एकाच पट्टीवर नेमके कधीच बसत नाहीत. लांबर्टने १७६१ मध्ये हे सिद्ध केलं. लिंडमानने १८८२ मध्ये त्याहून पुढचं, की पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याही बहुपदी समीकरणाचं पाय हे उत्तर नाही, म्हणून पट्टी-कंपासने वर्तुळाएवढा चौरस काढता येत नाही. तेव्हा पाय = २२/७ असं लिहू नका, ≈ लिहा. परीक्षेत "२२/७ परिमेय की अपरिमेय" विचारतात तेव्हा तिथेच गुण जातात: २२/७ परिमेय, पाय अपरिमेय.

---

टीप_उसवली

पाठांतरवाल्यांसाठी. इंग्रजीत शब्दातली अक्षरं मोजून वाक्य करतात. मराठीत लिहिलेलं अक्षर मोजावं, जोडाक्षर एकच धरावं. हे घ्या:

"अंकांची ही रांगोळीच, ती उलगडेना गणितवाल्यांसारख्यांना सुद्धा शेवटपर्यंत."

३ १ ४ १ ५ ९ २ ६. शून्याची अडचण लवकर येत नाही, पायमध्ये पहिलं शून्य ३२ व्या दशांश स्थळी आहे.

---

हीर_आणि_खराटा

"गणितवाल्यांसारख्यांना" हा शब्द रबरासारखा ताणलाय. पण मोजला, नऊच आहेत. पास.

---

फॉरवर्ड_बहाद्दर

आणि पाय दिवस? १४ मार्च ना?

---

अंशछेद

ती अमेरिकी तारीख, महिना आधी लिहितात म्हणून ३/१४. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियममध्ये १९८८ पासून साजरी होते. आता युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय गणित दिनही तोच. आपल्याकडे दिवस आधी लिहितात, तेव्हा २२ जुलै, २२/७. आणि वर मोजलंच आहे की २२/७ हे ३.१४ पेक्षा जास्त जवळ. शाळाही तेव्हा सुरू असतात, मार्चमध्ये परीक्षांची घाई असते.

---

कंपासपेटी

२२ जुलैला अनुमोदन.

आलेखाबद्दल एक राहिलं. रेषा वरून जाण्याऐवजी शून्याच्या खालून गेली तर काय, असं व्यक्तिगत निरोपात विचारलंय. मग व्यास बाहेरून आणि परीघ आतून मोजला गेलाय, बहुधा वाटी किंवा जाड कडेचं झाकण. चढ तरीही ३.१४ च्या जवळ येईल, पण सगळ्या वस्तूंची कड सारख्या जाडीची असेल तरच. बांगडी, पातेलं आणि पत्र्याचं झाकण एकाच रेषेवर बसवू नका. सायकलचं चाक घ्यायचं असेल तर हवा टम्म भरा, वर कुणी बसू नका (टायर दबला की फेरी आखूड पडते), व्हॉल्व्ह जमिनीला टेकतो तिथे खडूची खूण करा आणि दहा फेऱ्यांचं अंतर मोजा. २० मीटरच्या वर अंतरात एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे चालतो. व्यास मात्र मिमीपर्यंत मोजावा लागेल, आता कच्चा दुवा तोच.